नव्यानं बांधलेलं इंजिन रनिंग-इन कसं करायचं: पहिल्या सेल्फपासून दीड हजार किलोमीटरपर्यंत

जुन्या गाडीचं इंजिन बांधून आलं की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. बॉनेटला हार, चाकांखाली लिंबं, नारळ फुटतो, सेल्फ मारला जातो आणि गाडी अर्धा तास स्लोला, म्हणजे इंजिन नुसतं मंद गुरगुरत, उभी राहते. भोवती कोंडाळं, हातात पेढे. "आवाज बघ काय गोड आहे!" नेमक्या त्याच अर्ध्या तासात इंजिनाला ऑइल प्यायची सवय लागते.

मी हे स्वतः केलंय. माझ्या १९८२च्या पद्मिनीचं इंजिन पहिल्यांदा बांधलं तेव्हा बिल्डिंगच्या आवारात ती चाळीस मिनिटं स्लोला ठेवली. पुढचे दोन आठवडे दादर ते परळ एवढ्याच गर्दीत, दुसऱ्या गिअरवर, अगदी जपून चालवली. दोन हजार किलोमीटरनंतर गाडी हजाराला लिटरभर ऑइल खात होती. हेड उघडलं तर चारही बोअर (सिलिंडरच्या आतल्या पोकळ्या) जेवणाच्या स्टीलच्या डब्यासारखे चकचकीत. मिस्त्रीचं काम चोख होतं, चूक माझ्या जपण्याची होती.

रनिंग-इन म्हणजे नव्या इंजिनाचे घासणारे भाग एकमेकांना जुळेपर्यंत ते ठरावीक रीतीनं चालवणं. हा लेख पद्मिनी, अँबॅसेडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, हेराल्ड, जुनी पेट्रोल जीप अशा गाड्यांसाठी आहे. म्हणजे कार्बुरेटर, पुशरॉड आणि सपाट टॅपेटवाली इंजिनं. आजच्या गाड्यांना यातलं बरंचसं लागू नाही.

आधी कारण, मग कृती

दोन गोष्टी समजल्या की पुढचे टप्पे पाठ करावे लागत नाहीत.

पहिली गोष्ट पिस्टनवरच्या रिंगांची. होनिंग केल्यावर, म्हणजे बोअर आतून दगडानं घासल्यावर, सिलिंडरच्या भिंतीवर तिरक्या रेघांची बारीक जाळी उमटते. रेघांच्या चरांत ऑइल थांबतं आणि दोन चरांमधले उंचवटे रिंग घासून सपाट करते. त्या घासण्यातूनच रिंग आणि भिंत एकमेकींना जुळतात. पण रिंगेला भिंतीवर जोरात दाबतो तो वायूचा दाब. पेट्रोल जळलं की तो रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. रिंगेचा स्वतःचा ताण त्यापुढे किरकोळ. स्लोला किंवा हलक्या पायानं चालणाऱ्या इंजिनात हा दाब पुरेसा तयारच होत नाही. रिंग भिंतीवरून नुसती सरकत राहते, वर उरलेलं ऑइल जळतं आणि त्याची काचेसारखी झिलई जाळीवर चढते. चर बुजले की रिंगेला घासायला काही राहत नाही.

दुसरी गोष्ट कॅमशाफ्टची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची. त्याच्या उंचवट्यांवर, म्हणजे नाकांवर, टेकून वरखाली होतो तो टॅपेट. सपाट टॅपेटला ऑइल मिळतं ते मुख्यतः फिरत्या क्रँकवरून उडणाऱ्या शिंतोड्यांतून. इंजिन स्लोला असलं की शिंतोडे कमी आणि कॅमच्या नाकावर स्प्रिंगचा दाब मात्र पुरता. नव्या कॅमची नाकं अशा वेळी काही मिनिटांतही खरवडली जाऊ शकतात.

म्हणून नव्या इंजिनाला स्लो नको आणि बोजा हवा. बाकी सगळं या दोन वाक्यांचा विस्तार आहे.

टप्पा १: गॅरेजमधून गाडी उचलण्याआधी

मिस्त्रीकडून कागदावर लिहून घ्या. तोंडी नको, सहा महिन्यांनी दोघांनाही आठवत नाही. बोअर किती ओव्हरसाइज केला (पद्मिनीचा मूळ बोअर ६८ मिलिमीटर), क्रँक किती अंडरसाइज घासला, हेड गॅस्केट कुठल्या प्रकारचं आहे, हेडचे नट किती टॉर्कला आवळले, टॅपेटची फट थंड इंजिनात किती ठेवली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॅम आणि टॅपेट नवे की जुने.

कॅम जुना, टॅपेटही जुने आणि प्रत्येक टॅपेट आपल्याच जागी परत बसवलेला असेल, तर टप्पा ५ मधली वीस मिनिटं लागत नाहीत. इंजिन गरम झालं, गळती नाही हे पाहिलं की सरळ रस्त्याला लागा. टॅपेट नवे असतील तर कॅम जुना असला तरी वीस मिनिटं द्यायची. नव्या कॅमवर जुने टॅपेट बसवलेले असतील तर गाडी उचलूच नका, आधी बदलून घ्या.

इंजिन अजून बांधायचं असेल तर एक गोष्ट समोर उभं राहून करून घ्या, ती म्हणजे बोअर धुणं. बऱ्याच ठिकाणी होनिंगनंतर ब्लॉक रॉकेलनं किंवा डिझेलनं धुतात. त्यानं चिकटपणा जातो, दगडाची बारीक पूड चरांतच बसते. तीच पूड पुढे रिंगा खाते. बोअर गरम पाणी, साबण आणि ताठ ब्रशनं घासायचे, कोरडे करायचे, लगेच ऑइलचा हात फिरवायचा. मग पांढरं फडकं ऑइलमध्ये बुडवून बोअरच्या आत फिरवा. फडकं राखाडी झालं तर पुन्हा धुवा. माझ्या ब्लॉकला दुसऱ्या वेळी पाच धुण्या लागल्या, पाचव्या वेळी फडकं पांढरं निघालं.

*जपा:* पावसाळ्यात मुंबईच्या हवेत धुतलेला बोअर ऑइल न लावता तासभर ठेवला तरी त्यावर तांबूस झाक येते. साबणाचं पाणी आणि ऑइलचा डबा दोन्ही शेजारी घेऊनच काम सुरू करायचं.

टप्पा २: ऑइल, पाणी, पेट्रोल

ऑइल साधं मिनरल, २०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-४०. सिंथेटिक नको, ते या घडीला फार निसरडं पडतं. ऑइलमध्ये मिसळायच्या महागड्या बाटल्याही नकोत. रिंगांना घासायचं आहे आणि आपण घर्षण कमी करणारी द्रव्यं ओततो, हे उलटंच झालं. कॅमसाठी मात्र ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरसचं संयुग पुरेसं हवं. आजच्या पेट्रोल गाड्यांच्या पातळ ऑइलांत, म्हणजे ५डब्ल्यू-३० वगैरे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी ते कमी ठेवलेलं असतं. दुकानदारानं "नवीन आहे, जास्त चांगलं आहे" म्हणून ते हातात दिलं तरी घेऊ नका. खास ब्रेक-इन ऑइल मिळालं तर उत्तमच.

रेडिएटरमध्ये पहिल्या फेरीला नुसतं स्वच्छ डिस्टिल्ड पाणी भरा. पहिल्या दिवशी कुठलातरी होज पाइप गळतोच, कूलंट वाया जातो. पद्मिनीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, त्यामुळे साधं पाणी आठवड्यापेक्षा जास्त ठेवायचं नाही. झाकण उघडं ठेवून हळूहळू भरा, वरचा होज हातानं दाबत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, आहे का पाहा. "मुंबईत थंडी कुठंय?" म्हणून तो काढून टाकायची आपल्याकडे पद्धतच आहे. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन मोकळ्या रस्त्यावर नीट गरमच होत नाही. पेट्रोल भिंतीवर ओलं राहतं, ऑइल धुऊन काढतं, आणि रिंगा बसायला उशीर लागतो. नवा घ्या, पाण्याच्या पातेल्यात टाकून गॅसवर ठेवा, उघडतो का बघा, मग बसवा. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढला असेल तर खरा दोष रेडिएटरमध्ये आहे. तो आधी साफ करून घ्या, कारण नवं इंजिन सुरुवातीला थोडं जास्तच तापतं.

पेट्रोल ताजं भरा. टाकीत सहा महिने पडलेलं पेट्रोल नको. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढतं. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं लीनही (हवा जास्त, इंधन कमी) होतं आणि लीन इंजिन गरम चालतं. कार्बुरेटरचे जेट १९८० सालचेच असतील तर मेन जेट एक नंबर मोठा लावून घ्यायचा विचार करा. रबरी पेट्रोल पाइप जुने असतील तर आत्ताच बदला. तडकलेला पाइप गरम मॅनिफोल्डवर गळला तर गाडी पेटायला वेळ लागत नाही.

सीएनजी किट असेल तर रनिंग-इन पूर्ण होईपर्यंत पेट्रोलवरच चालवा.

टप्पा ३: ऑइल वर चढवा

बांधताना लावलेलं ऑइल काही दिवसांत खाली ओघळून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, जातं. गॅरेजमध्ये महिनाभर पडलेलं इंजिन बेअरिंगांच्या दृष्टीनं कोरडंच समजा.

चारही प्लग काढा. डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी कॉइलची वायर काढून बाजूला ठेवा. प्लग नसले की कॉम्प्रेशन नाही, सेल्फ हलका फिरतो आणि बेअरिंगांवर भार येत नाही. दहा-पंधरा सेकंद सेल्फ मारा, मिनिटभर थांबा, पुन्हा मारा. डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा विझेपर्यंत हे चालू ठेवा.

दिव्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका, तो अगदी कमी दाबालाही विझतो. ऑइल स्विचच्या जागी काही दिवसांसाठी मेकॅनिकल गेज लावून घ्या. मी गेज पाइपला टी-जॉइंट लावून वायपरच्या शेजारी, काचेतून दिसेल असं बांधलं होतं. दिसायला विचित्र, पण पहिल्या पाचशे किलोमीटरला याच्याइतकं कामाचं काही नाही.

*तपासा:* टॅपेट कव्हर काढून सेल्फ मारा. रॉकर शाफ्टच्या दोन्ही टोकांपर्यंत ऑइल झिरपलेलं दिसलं पाहिजे. सहा-सात वेळा सेल्फ मारूनही गेजचा काटा हलत नसेल तर थांबा. ऑइल पंप कोरडा बांधलेला असतो तेव्हा तो ऑइल ओढत नाही. चेंबर उतरवून पंपात व्हॅसलीन भरून पुन्हा बसवावा लागतो. कटकट आहे, पण नवी बेअरिंगं जाळण्यापेक्षा स्वस्त.

टप्पा ४: पहिल्याच सेल्फला चालू झालं पाहिजे

हा टप्पा लोक उरकतात, आणि कॅम खराब होतात ते बहुतेक इथेच. इंजिन चालू होत नाही म्हणून पाच-पाच मिनिटं सेल्फ मारत बसलं की नव्या कॅमवरचं ग्रीस पुसलं जातं आणि ऑइलचे शिंतोडे अजून उडत नसतात. वर न जळलेलं पेट्रोल बोअर धुऊन काढतं ते वेगळंच.

टायमिंग आधी जागेवरच लावून घ्या. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा, कोणालातरी पुली हातानं फिरवायला सांगा. अंगठा आतल्या हवेनं ढकलला गेला की तो कॉम्प्रेशनचा फेरा. मग पुलीवरची खूण जुळवा, डिस्ट्रिब्युटरचा रोटर पहिल्या प्लगच्या वायरीकडे बघतोय का ते पाहा. अंगठा न लावता नुसती खूण जुळवली तर डिस्ट्रिब्युटर अर्धा फेरा उलटा बसण्याची शक्यता असते. तसं झालं की इंजिन कार्बुरेटरमधून ठो ठो करतं आणि चालू होत नाही. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारा स्विच) नेमके कधी उघडतात ते बल्ब लावून बघा. फायरिंगचा क्रम पद्मिनीत १-३-४-२.

फ्लोट चेंबर आधीच भरा. पेट्रोल पंपाला हाताचा खटका असेल तर त्यानं, नसेल तर इंजेक्शनच्या सिरिंजनं. बॅटरी रात्रभर चार्जिंगला. प्लग साफ, गॅप तपासलेला.

जागेचं ठरवा. बिल्डिंगच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये हे करायचं नाही, धूर कोंडतो आणि तो विषारी असतो. उघड्यावर, सायलेन्सरचं तोंड कुणाच्या खिडकीकडे नसेल असं. वीस मिनिटं २००० आरपीएमवर इंजिन चालणार आहे, त्याचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचतो. दुपारी अकरा-बाराची वेळ धरा, सेक्रेटरीला आणि वॉचमनला आधी सांगून ठेवा. मधेच कुणीतरी येऊन "बंद करा" म्हटलं आणि तुम्ही भिडेखातर बंद केलं तर उरलेली मिनिटं पुन्हा कधीतरी पूर्ण करावी लागतात.

माणसं दोन हवीत. एक आत, गेजवर डोळा आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवर. दुसरा बॉनेटपाशी, टॉर्च घेऊन गळती बघायला, शेजारी आग विझवायचा सिलिंडर. रेडिएटरसमोर टेबल फॅन ठेवा. पद्मिनीत आरपीएम मीटर नसतो. मेकॅनिककडचा टॅकोमीटर किंवा टॅको असलेली टायमिंग लाइट मागून आणा. कानावर अंदाज घेतला तर १२०० आरपीएम २००० वाटतात.

नारळ याच्या आधी फोडून घ्या.

टप्पा ५: पहिली वीस मिनिटं

१. चोक लागला तर ओढा, इंजिननं पकड घेतली की दहा-पंधरा सेकंदांत आत ढकला. चोक ओढलेला राहिला तर पेट्रोल बोअर धुतं.

२. चालू होताच लगेच रेस २००० वर न्या. स्लो ऐकायचा मोह आवरा.

३. पहिली नजर गेजवर. पाच सेकंदांत दाब आला नाही तर किल्ली बंद.

४. वीस मिनिटं १८०० ते २५०० च्या दरम्यान रेस हळूहळू वरखाली करत राहा. एकाच जागी धरू नका, कारण वेग बदलला की शिंतोडेही जागा बदलतात आणि सगळ्या टॅपेटना ऑइल मिळतं.

५. पहिल्या पाच मिनिटांत सायलेन्सरला पांढरा-निळसर धूर येईल, रंगाचा आणि ऑइलचा जळका वास येईल. घाबरायचं कारण नाही. बांधताना लावलेलं ऑइल जळतंय.

६. दाब किती हवा? ढोबळ हिशेब असा की गरम इंजिनात दर १००० आरपीएमला १० पौंड (पीएसआय). थंड असताना यापेक्षा बराच जास्त दिसेल, तो गरम होताना उतरेल. २००० ला २० पौंडांच्या खाली गेला तर बंद करा.

७. पाणी ८० ते ९० अंशांत राहिलं पाहिजे. ९५ ओलांडलं की बंद, थंड होऊ द्या, पुन्हा सुरू करून उरलेली मिनिटं पूर्ण करा. मधे बंद करणं चालतं, मधे स्लोला ठेवणं चालत नाही.

ठणठण असा खोल, लयीत येणारा आवाज आला तर तिथेच थांबा. टॅपेटची हलकी टिकटिक चालेल, ती पुढच्या टप्प्यात जाते.

*तपासा:* वीस मिनिटांनंतर बंद केल्यावर चेंबरखाली, वॉटर पंपाखाली, हेडच्या कडेनं बोट फिरवा. पाण्याची एक ओळ जरी दिसली तरी तिचा उगम सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. डिपस्टिकवर दुधासारखा फेस दिसला तर पाणी ऑइलमध्ये मिसळतंय. हेड पुन्हा उघडावं लागेल.

टप्पा ६: रात्रभर थंड, मग पाने

ऑइल गरम असतानाच काढा. टप्पा ५ ची वीस मिनिटं झाली असतील तर हे टाळू नका, कारण त्या ऑइलमध्ये पहिल्या घासणीचा सगळा चुरा आहे. "आत्ताच तर भरलं, नवंकोरं आहे" हा विचार मनात येतो, मलाही आला होता.

निघालेलं ऑइल मलमलीच्या फडक्यातून गाळा. फिल्टरमध्ये कागदी एलिमेंट असेल तर तो कापून घड्या उलगडा आणि उन्हात धरा. डबा बंद फिल्टर असेल तर हॅकसॉनं कापू नका, करवतीचाच चुरा आत पडतो आणि तुम्ही घाबरता. राखाडी, बोटांना न लागणारी बारीक पूड म्हणजे सर्व ठीक. बोटांत चुरचुरणारे कण दिसले तर त्यांच्यावर लोहचुंबक फिरवा. चिकटले तर ते लोखंड, म्हणजे कॅम, टॅपेट किंवा रिंग. न चिकटणारे चंदेरी किंवा तांबूस पापुद्रे बेअरिंगचे असतात. असे दोन-चार पापुद्रे सापडले तरी मिस्त्रीला फोन करा, गाडी रस्त्यावर नेऊ नका. जुनं ऑइल गटारात न ओतता गॅरेजमध्ये द्या, तिथून ते विकत घेणारे असतात.

दुसऱ्या दिवशी, इंजिन पूर्ण थंड असताना, हेडचे नट पुन्हा आवळा. अ‍ॅल्युमिनियमचं हेड गरम असताना कधीही नाही. मधल्या नटापासून सुरुवात, मग गोलाकार बाहेर. एकेक नट पाव फेरा सैल करून परत ठरलेल्या टॉर्कला आणायचा. दुसऱ्याला हात लावण्याआधी पहिला पूर्ण झाला पाहिजे. नुसता पाना लावून "खट्" आवाज आला म्हणजे झालं असं नाही, अडकलेला नट आवळल्यासारखा भासतो. गॅस्केटच्या पाकिटावर पुन्हा आवळू नये असं लिहिलं असेल तर मात्र आवळू नका.

हेड आवळलं की टॅपेटची फट बदलते. म्हणून टॅपेट नेहमी हेडनंतर. हा क्रम उलटा केलेली इंजिनं मी पाहिली आहेत, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट संपते आणि महिन्याभरात तो जळतो.

नवं ऑइल, नवा फिल्टर, कूलंट भरा, टायमिंग लाइट लावून टायमिंग नक्की करा.

टप्पा ७: रस्त्यावरचा पहिला तास

रिंगा बसतात त्या मुख्यतः इथे. रविवारी पहाटे साडेपाचला निघा. मला ईस्टर्न फ्रीवे सोयीचा पडतो. चेंबूरकडून चढलो की पी. डि'मेलो रोडपर्यंत सोळा-सतरा किलोमीटर सिग्नल नाही. नवी मुंबईकरांना पाम बीच रोड आहे, सिग्नल लागतात पण पहाटे चालून जातं. अटल सेतू आणि कोस्टल रोडचा बोगदा या दिवशी नको. गाडी बंद पडली तर तिथे थांबायची सोय नाही. फ्रीवेलाही जाण्याआधी घराजवळ पाच-सहा किलोमीटर फिरून गळती बघून घ्या, आणि टो करणाऱ्याचा नंबर खिशात ठेवा.

गाडी पूर्ण गरम झाली की असं करा. तिसरा गिअर, वेग ३०. अ‍ॅक्सिलरेटर अर्ध्यापेक्षा जास्त, ठाम दाबा आणि ५५ पर्यंत न्या. मग पाय पूर्ण उचला, क्लचला हात लावू नका, गिअरमध्येच गाडी ३० पर्यंत उतरू द्या. पुन्हा. दहा-बारा वेळा. आधी मागे कुणी नाही ना, हे आरशात पाहूनच.

दाबताना वायूचा दाब रिंगांना भिंतीवर टेकवतो. सोडताना सिलिंडरमध्ये निर्वात तयार होऊन ऑइल वर ओढलं जातं, रिंगांना थंड करतं आणि घासणीचा चुरा धुऊन नेतं. दोन्ही अर्धे तितकेच लागतात. लोक पहिला अर्धा करतात, दुसऱ्यात क्लच दाबून मोकळे होतात.

"अर्ध्यापेक्षा जास्त" वाचून छातीत धस्स होतं, मला कल्पना आहे. नव्या इंजिनाला असं दाबायचं? दाबायचं. पण आरपीएम मर्यादेत. चौथ्या गिअरवर ३० च्या वेगानं गाडी कण्हत चाललीय आणि आपण पाय दाबतोय, हे मात्र कधीच करू नका. कमी आरपीएमवर जड बोजा म्हणजे बेअरिंगांचा छळ. गाडी थरथरली की खालचा गिअर.

घरी येऊन ऑइलची पातळी बघा. पाव लिटरपर्यंत कमी झालं असेल तर चिंता नाही.

टप्पा ८: पाचशे किलोमीटरपर्यंत

मुंबईत खरी अडचण इथे आहे. रोजचा रस्ता म्हणजे सायन सर्कलची किंवा अंधेरीची कोंडी, आणि कोंडी म्हणजे स्लो. जमेल तितकं टाळा. पहिले तीनशे किलोमीटर तरी पहाटेचे किंवा रात्री अकरानंतरचे काढा. सिग्नल मोठा असेल तर इंजिन बंद करा. ऑफिसला नेऊ नका, लग्नाला तर अजिबात नाही. वरातीमागे पहिल्या गिअरवर सरकणारी नवी बांधलेली पद्मिनी पाहिली की माझ्या पोटात गोळा येतो.

वेग साठ-पासष्टच्या आत, पण सारखा बदलता. मोकळ्या हायवेवर तासभर एकाच वेगानं जाणं या काळात चांगलं नाही. चढ मिळाला तर घ्या, योग्य गिअरवर. घोडबंदर रोडवर गायमुखचा चढ यासाठी बरा आहे, पण पहाटेच, एरवी तिथे ट्रकांची रांग असते. खंडाळ्याचा किंवा कसाऱ्याचा घाट आत्ता नाही. सलग लांब चढावर इंजिन थंड व्हायला उसंतच मिळत नाही.

दर शंभर किलोमीटरला डिपस्टिक, रेडिएटर, फॅन बेल्ट. एक छोटी वही गाडीत ठेवा आणि प्रत्येक वेळी किती ऑइल घातलं ते किलोमीटरसह लिहा. आकडा एकटा काही सांगत नाही, तो कमी होतोय का हे बघायचं असतं. पहिल्या शंभरात शंभर मिलिलिटर, तिसऱ्यात तीस, पाचव्यात जवळपास काही नाही, असा उतार हवा.

धुराचाही नीट अर्थ लावा. उतारावर पाय सोडून उतरलात आणि पुन्हा दाबताना निळ्या धुराचा एक भपका आला तर संशय व्हॉल्व्ह गाइडवर. पाय दाबून ठेवला असताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगा अजून बसलेल्या नाहीत. काळा धूर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) असल्याचा, तो कार्बुरेटरचा प्रश्न. तोही लगेच सोडवा, कारण जास्तीचं पेट्रोल बोअर धुतं.

पाचशेला ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला, पुन्हा मलमलीतून गाळा. टॅपेट पुन्हा तपासा. पॉइंटचा गॅपही, कारण नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला पटकन झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग सरकतं. प्लग काढून रंग बघा. बिस्किटासारखा फिका तपकिरी हवा. एकच प्लग ओला काळा असेल तर तो कुठल्या सिलिंडरचा ते वहीत लिहा.

टप्पा ९: दीड हजारापर्यंत

वेगाची मर्यादा दर शंभर-दीडशे किलोमीटरला पाचानं वाढवा. आठशेनंतर घाट चालतो. लोणावळ्याला जायचं तर मधे थांबत, चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला लाजू नका. रोजच्या कोंडीत नेणंही आता चालेल. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर काही सेकंदांपुरता, हजारानंतर.

दीड हजाराला तिसऱ्यांदा ऑइल. सिंथेटिकचा विचार करायचा असेल तर याच्यानंतर. माझं मत विचाराल तर या इंजिनांना २०डब्ल्यू-५० मिनरल, वेळेवर बदललेलं, कायमचं पुरतं.

त्याच दिवशी कॉम्प्रेशन मोजून घ्या. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. बरेचदा अ‍ॅक्सिलरेटर न दाबताच मोजतात आणि चारही आकडे कमी येतात. चारही सिलिंडरमध्ये फरक दहा टक्क्यांच्या आत असावा. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंग, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. आकडे वहीत लिहून ठेवा, पाच वर्षांनी तुलनेला हेच लागतील.

दीड हजारानंतरही ऑइलचा खर्च उतरत नसेल आणि ओल्या मोजणीत चारही आकडे वर जात असतील, तर बोअरवर झिलई चढली आहे. आणखी हजार किलोमीटर चालवून ती सहसा जात नाही. हेड आणि चेंबर उतरवून बोअर पुन्हा हलके होन करायचे आणि रिंगा नव्या घालायच्या. पिस्टन आणि बेअरिंगं तपासून चांगली निघाली तर तीच राहतात. त्यानंतर टप्पा १ मधल्या बोअरच्या धुण्यापासून पुन्हा सुरुवात. फक्त कॅम आणि टॅपेट आता जुळलेले आहेत, तेव्हा ते आपापल्या जागीच परत जातील एवढं मिस्त्रीला बजावून सांगा. टॅपेट काढले तर पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून, आकडे घालून, त्यात ओळीनं खोचून ठेवायला लावा.